घरात उत्तम आवाज कसा आणावा : सिहोरा परिसरातल्या नवशिक्यांसाठी

ज्या यंत्रावर गाणं लावलं की लोक गाण्याविषयी एक शब्द बोलत नाहीत, यंत्राविषयीच बोलतात, त्याला हाय-एंड ऑडिओ म्हणतात. मोठ्या शहरांतली या नादाची माणसं सुट्टीच्या दिवशी एकमेकांच्या घरी जमतात, पडदे ओढून बसतात आणि चांगलं रंगलेलं गाणं अर्ध्यावर थांबवून वायर बदलतात. सिहोऱ्यात अजून तशी मंडळी जमलेली नाही. चुल्हाड, बपेरा, हरदोली ही आसपासची गावं धरूनही नाही. त्यामुळे इथे ज्याला ही विद्या शिकायची आहे त्याला गुरू मिळणार नाही, आणि दुकानदाराला गुरू करू नये, म्हणून हा खटाटोप.

साहित्य असं : एक खोली, एक लाईन, एकमेकांना साजेसे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर, गाणं जिथून येणार ते एखादं यंत्र, थोडी वायर. दुकानदार ही यादी खालून वर वाचतो. आपण वरून खाली जायचं. पैसे यादीत लिहिलेले नाहीत, कारण धान विकल्याशिवाय ते येत नाहीत, आणि धान विकलं की आवाजाचं काय होतं ते पुढे येईलच.

खोली

नागपूरच्या शोरूममध्ये ज्या आवाजावर तुम्ही भाळता त्यात अर्धा वाटा तिथल्या खोलीचा असतो, आणि खोली ते विकत नाहीत. घरी आणल्यावर तोच स्पीकर वेगळा वाजतो. फोन केला तर ‘अजून मोकळा व्हायचाय’ असं उत्तर येतं.

आपल्याकडे मिस्त्रीला खोली सांगितली की तो एकच माप काढतो : दहा बाय दहा. स्लॅबही दहा फुटांवर. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी. आवाजासाठी याहून वाईट खोली माणसाला बांधता येत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक ठरावीक लाट अडकून बसते. दहा फुटांच्या अंतरात ती ५६ हर्ट्झच्या आसपासची. खोली लांबट असती, छत वेगळ्या उंचीवर असतं, तर तिन्ही दिशांच्या लाटा वेगवेगळ्या सुरांवर विखुरल्या असत्या. इथे तिन्ही एकाच जागी येऊन बसतात. मग डग्ग्याचा घुमारा असो, ढोल असो की सिनेमातला स्फोट, सगळ्याचं एकच ‘भुम्म’ होतं, आणि पाहुणे म्हणतात, बेस काय जबरदस्त आहे. मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला की गरम हवेत आवाज जास्त वेगानं पळतो आणि ही भुम्म ५८ वर चढते. हा फरक कुणाच्याही कानाला कळत नाही. तो आपल्याला कळतो असं मात्र आवर्जून सांगावं.

आजोबांच्या काळचं कवेलूचं घर शाबूत असेल तर स्पीकर ठरवण्याआधी ते पाडायचं थांबवा. शेणामातीनं सारवलेल्या जाड भिंती, एकही कोपरा गुण्यात नाही, वर उतरतं छप्पर आणि कवेलूंच्या फटी. तिथे लाटेला अडकायला जागाच नाही. जास्तीचा बेस फटींतून निघून जातो, उरलेला भिंत थोडाफार गिळते. मध्यभागी उभं राहून टाळी वाजवा. टाळीच ऐकू येईल, तिच्यामागे झणझणाट येणार नाही. अशी घरं पाडून स्लॅब आला, खाली चकचकीत टाईल आली, आणि आता त्याच घरातला मुलगा फोमचे पॅनेल मागवून भिंतींना चिकटवतो. मातीच्या भिंतीनं हे काम फुकट केलं असतं.

स्लॅबच्याच खोलीत निभवायचं असेल तर कोपरे भरा. खालचा सूर कोपऱ्यांत सर्वांत जास्त साचतो, आणि त्याला थोपवायला जाड, आत हवा खेळती असलेली वस्तू लागते. बाहेर ‘बेस ट्रॅप’ या नावानं तशी वस्तू सुबक कापडात गुंडाळून विकतात. सिहोऱ्यात दिवाळीनंतर ती घरोघर थप्पीला लागलेली असते. चाळीस किलोचा धानाचा कट्टा : बारदान्यात दाणे, दाण्यादाण्यांमध्ये हवा. प्रत्येक कोपऱ्यात कट्टे आडवे, एकावर एक, छताला टेकेपर्यंत रचावेत. भिंतीपासून वीतभर जागा सोडावी. आवाजासाठीही ते बरं आणि धानाला ओल लागत नाही. चार कोपरे भरले की भुम्म बरीच बसते आणि डग्गा व मृदंग ही दोन वेगळी वाद्यं आहेत हे पहिल्यांदा कळतं.

बाबा विचारतील, ‘‘हे कट्टे इथं काहून आणले गा?’’ आवाजासाठी, असं खरं सांगावं. ‘‘आता धान का गाणं आयकते?’’ यावर काही बोलू नये.

या व्यवस्थेची एकच अडचण आहे. आधारभूत धान खरेदी केंद्र सुरू झाल्याची बातमी येते, नंबर लागतो, ट्रॅक्टर दाराशी उभा राहतो आणि दुपारपर्यंत तुमचा बेस केंद्रावर काट्यावर चढलेला असतो. म्हणून सिहोऱ्यात कुणी आपल्या सिस्टिमचं कौतुक करू लागला तर आधी महिना विचारावा. दिवाळीनंतरचा आवाज आणि संक्रांतीनंतरचा आवाज यांत घरातल्या साठ्याइतका फरक असतो. बारदाना संपला, गोदाम भरलं, खरेदी थांबली, की इतर शेतकरी निवेदन घेऊन तहसीलवर जातात. तुम्हीही जा, पण घोषणा जरा हळू द्या. खरिपाचा माल जाऊन उन्हाळी धान घरात येईपर्यंत गाद्या आणि गोधड्यांवर भागवावं. वरचा आवाज त्या शोषतात, खालचा नाही; त्यांच्याकडून जास्त अपेक्षा करू नये.

लाईन

परदेशी पुस्तकात या विषयाला अर्धं पान असतं. ज्यांच्याकडे लाईन जात नाही त्यांनी लिहिलेली पुस्तकं आहेत ती.

भिंतीतल्या बोर्डावर २३० व्होल्ट मिळतील असं अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्यानं धरलेलं असतं. उन्हाळी धान लागला, चांदपूरच्या तलावाचा कालवा ज्यांच्या बांधीपर्यंत येत नाही त्यांनी मोटारी सोडल्या, की हा आकडा १८० वर आलेला मीटरवर दिसतो. साध्या, जड ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. हिशेब करून पाहा : तुम्ही १०० वॅटचा घेतला असेल तर अशा वेळी तो साधारण ६१ वॅटचा उरतो. हप्ते मात्र शंभराचे. मोटारी एकदम बंद झाल्या की व्होल्टेज उसळतं, ते आणखी वाईट.

स्टॅबिलायझर लावावा. तो व्होल्टेज सांभाळतो आणि दर काही मिनिटांनी ‘कट्’ असा आवाज करतो. हा आवाज विलंबित ख्यालात नेमका समेच्या आधी येतो, कारण तेव्हाच तो ऐकू येण्याइतकी शांतता असते. इन्व्हर्टर लावणार असाल तर शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा. स्वस्तातला चौकोनी लाटा फेकतो आणि अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागतो. लाईन ५० हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण बहुधा १०० हर्ट्झवर असते. पेटीवर शोधली तर खर्जातल्या पांढरी पाचपेक्षा किंचित चढी सापडेल. पांढरी एकच्या गायकाला ती पंचमाच्या जवळ पडते, थोडी बेसूर, पण चालून जाते. काळी एकमध्ये गाणाऱ्याला ती तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मध्ये कुठेतरी सापडते, आणि मग त्या गायकाची रेकॉर्ड आपल्या घरात लावण्यात अर्थ नाही. संग्रह करताना गायकाची पट्टी पाहावी.

अर्थिंग स्वतःचं घालावं. अंगणात ओल राहील अशा जागी खड्डा, आत पट्टी, भोवती मीठ आणि कोळसा, वर पाणी ओतायला पाइप. माती सुकली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी द्यावं. सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवावीत. दोन बोर्डांवरून दोन अर्थ मिळाले की त्यांच्यात गुणगुण फिरत राहते. खड्डा पाहायला लाईनमन आला तर चहा द्यावा. तो वाकून पाहील आणि म्हणेल, ‘‘एवढी अर्थिंग तं डीपीलेबी नाही जी.’’ हे प्रशस्तिपत्र समजावं.

आज शौकीन लोक लाईनच्या जाचातून सुटण्यासाठी बॅटरीवर चालणारे पॉवर सप्लाय घेतात आणि त्याला भरपूर पैसे मोजतात. तुमच्या आजोबांना ही सोय होती. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं, विविध भारती १९५७ मध्ये आली, आणि पुढे धुऱ्यावर जो ट्रान्झिस्टर वाजू लागला तो सेलवर. त्यात हवेतली खरखर होती, लाईनची गुणगुण अजिबात नव्हती. अशा सेलमध्ये काळी पूड असते ती मँगनीज डायऑक्साइडची, आणि आपल्याच तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मॉइल कंपनी जे खनिज काढते ते सेलच्या कारखान्यांना जातं. शुद्ध विजेचा कच्चा माल तालुक्यातून बाहेर पाठवून आपण डीपीकडे डोळे लावून बसलेलो आहोत.

जोडी

इथपर्यंत आलात तर आता यंत्र घ्यायला हरकत नाही. नवशिका इथे एक चूक हमखास करतो : सर्वांत नावाजलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि सर्वांत नावाजलेला स्पीकर आणतो. शंकरपटाला जाणाऱ्या माणसाला यातली गोम सांगावी लागत नाही. एक बैल उडता आणि दुसरा धिमा असला की छकडा रेषेबाहेर जातो; एकेकट्या बैलाचा भाव कितीही असो, पट जोडी जिंकते.

स्पीकरच्या कागदावर दोनच आकडे वाचावेत, संवेदनशीलता आणि ओहम. संवेदनशीलता म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो आकडा. ८३ असेल तर स्पीकर जड, त्याला रेटावं लागतं. ९० ठीक. ९८ असेल तर थोडक्यात बोलू लागतो. हे आकडे पाहायला जवळजवळचे दिसतात, पण तीन डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात आणि दहा वाढवायला दहापट. त्यामुळे ८३ आणि ९८ यांच्यातला फरक तीसपटीहून जास्त वॅटचा आहे. दुकानदार ‘फक्त पंधरा’ म्हणतो.

आता बीबीसीनं १९७० च्या दशकात आपल्या फिरत्या गाड्यांमधल्या चिमुकल्या कंट्रोल रूमसाठी बनवलेला एलएस ३/५ ए हा छोटा स्पीकर घ्या. माणसाचा आवाज त्याच्यासारखा आणणारे फार थोडे. संवेदनशीलता ८३ च्या आसपास. दुसरीकडे ३०० बी हा वाल्व : एकच वाल्व एका बाजूला, साधारण ८ वॅट, आणि त्यावर जीव ओवाळून टाकणारे जगभर. दोन्ही देव खरे. एका देव्हाऱ्यात ठेवले तर ८३ अधिक ९ असं ९२ डेसिबलवर सगळं संपतं, तेही स्पीकरपासून एक मीटरवर. तुम्ही खाटेवर तीन मीटर लांब बसलेले, वर पंखा फिरतोय, बाहेर कुणाच्या तरी वाढदिवसाचा डीजे. तबला द्रुतला आला की वाल्व धापा टाकू लागतो आणि तुम्हाला वाटतं गायक थकला.

त्या ८ वॅटला खरा जोडीदार सिहोऱ्यातच आहे. कोणत्याही मंडप डेकोरेशनवाल्याकडे अहुजाचा भोंगा असतो. भोंग्याची संवेदनशीलता शंभराच्या वर जाते, आणि जपानात छोटे वाल्व अ‍ॅम्प्लिफायर मोठमोठ्या भोंग्यांना जोडून लोक वर्षानुवर्षं सुखात आहेत. आता हे वाचून लगेच डेकोरेशनवाल्याकडे जाऊ नका. मांडवाच्या भोंग्यांत बहुतेक वेळा १०० व्होल्टच्या लाईनसाठी ट्रान्सफॉर्मर घातलेला असतो, तो घरच्या अ‍ॅम्प्लिफायरशी जुळत नाही. शिवाय तो भोंगा शब्द लांब पोचवण्यासाठी केलेला आहे. खालचा सूर त्यात नावालाही नाही. पण तत्त्व तेच.

ओहमचा आकडा दगाबाज असतो. ८ ओहम लिहिलेला स्पीकर काही सुरांवर तीन-साडेतीनपर्यंत उतरतो, आणि ओहम उतरला की स्पीकर करंट जास्त ओढतो. तो देण्याची ऐपत अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे की नाही, हे ओळखायची कागदावरची खूण अशी : ८ ओहमला १०० वॅट देणारा ४ ओहमला २०० च्या जवळ जातो का? १२०-१३० वर अडकला असेल तर सोडून द्यावा. कागदावर विश्वास नसेल तर उचलून पाहावा. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वजन ट्रान्सफॉर्मरचं असतं, आणि करंट तिथूनच येतो. अर्धा कट्टा भरला तर बोलणी पुढे न्यावीत. नव्या डी क्लासच्या यंत्रांना हा नियम लागू नाही. ती हलकी असूनही दणकट असू शकतात, म्हणून ती घरी आणल्यावर ‘एवढे पैसे देऊन एवढंसं?’ हे ऐकून घ्यायची तयारी ठेवावी.

स्वदेशीचा आग्रह असेल तर महाराष्ट्रातही ही विद्या आहे. पुण्याच्या केडन्सनं इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले. त्यात कागदाच्या शंकूऐवजी अगदी पातळ पडदा असतो, त्यावर हजारो व्होल्टचा भार असतो आणि आवाज फार नितळ येतो. तो भार धूळही ओढून घेतो. शेजारच्या खळ्यावर मळणी चालू असताना असा स्पीकर उघडा ठेवू नये, एवढंच.

पैशांची वाटणी विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे. निम्मे स्पीकरला. उरलेल्यातले निम्म्याहून जास्त अ‍ॅम्प्लिफायरला. नंतर जे राहील त्यात बाकी सगळं, अर्थिंगच्या मिठासकट. स्पीकर आणि खोली सोडून इतर कशानंही आवाजात एवढा फरक पडत नाही, आणि विकणारे नेमके इतर गोष्टींविषयीच जास्त बोलतात.

वायर

वीज कुठल्यातरी केंद्रातून अ‍ॅल्युमिनियमच्या तारांवरून शेकडो किलोमीटर येते, सबस्टेशनमधून जाते, डीपीवर फ्यूजऐवजी पिळलेल्या तारेतून उतरते, खांबावरच्या काळ्या पडलेल्या जोडातून घरात शिरते. तिथून पुढचे दीड मीटर सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलमधून नेले की ती शुद्ध होते, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेला माझी ना नाही.

स्पीकरसाठी तुमसरच्या हार्डवेअरच्या दुकानात अडीच एमएमची तांब्याची वायर मिळते. पाच मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन तिचा अडथळा ०.०७ ओहमच्या आसपास. आठ ओहमपुढे तो एक टक्काही नाही. महागड्या वायरीचा फरक सांगणारे पुष्कळ भेटतात. डोळे बांधल्यावर सांगणारा अजून भेटायचा आहे. उंदीर दोन्ही सारख्याच आवडीनं खातात; कट्ट्यांसाठी येतात आणि तोंड वायरीवर साफ करतात. वायर पीव्हीसीच्या पाइपातून न्यावी.

गाणं कुठून यावं

रेकॉर्ड प्लेयर दिसायला देखणा आणि पाहुण्यांना आवडतो. त्याच्या कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल पाचेक मिलिव्होल्टचा. महागडी, मूव्हिंग कॉइल जातीची कार्ट्रिज घेतलीत तर अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली. म्हणजे जितके पैसे जास्त तितका सिग्नल कमी, आणि शेजारच्या घरची पाण्याची मोटार सुरू झाल्याचं तितकं चांगलं कळतं. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत रेकॉर्डच्या कव्हरांवर बुरशी येते. रेकॉर्डी आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात, आणि आईच्या पापडाच्या डब्याशेजारी ठेवाव्यात. घरातली सर्वांत कोरडी जागा तीच असते.

सीडी सोनी आणि फिलिप्सनं १९८२ मध्ये बाजारात आणली. सेकंदाला ४४,१०० नोंदी, प्रत्येक नोंद १६ बिटची, सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर. चाळीस वर्षांनंतर लोक म्हणतात हे पुरत नाही, २४ बिट हवं, १४४ डेसिबल. चला, सिहोऱ्यात मोजू. मार्चपासून जूनपर्यंत खिडकीत कूलर असतो, आणि तो साठेक डेसिबलची घरघर करतो. सीडीवरचा सर्वांत हळू आवाज कूलरच्या वर काढायचा तर सर्वांत मोठा १५६ डेसिबलला जाईल. २४ बिटला २०४. यातल्या पहिल्या आकड्यालाच कानाचे पडदे जातात. दुसऱ्यानंतर घर राहणार नाही. कूलर बंद करून ऐकावं असं सुचवणाऱ्यानं मे महिन्यात एकदा इथे येऊन ऐकून दाखवावं.

थोडक्यात, फोनमधून साध्या डॅकवर, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या डबीवर, घेतलेलं चांगलं रेकॉर्डिंग पुरे होतं. बचत झालेल्या पैशांत एक फर्शी बसवून घ्या, तिच्यावर स्पीकर स्थिर उभे राहतील.

पारख

शोरूममध्ये तुम्हाला ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ ऐकवतील. ईगल्सचं १९९४ मधलं मैफिलीतलं रेकॉर्डिंग. सुरुवातीच्या गिटारनंतर ढोलाचा ठोका येतो, आणि तो ठोका आला की विक्रेता तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो. ते रेकॉर्डिंग इतकं नीट झालेलं आहे की ते मोबाइलवरही चांगलं वाजतं. त्यावरून स्पीकर ठरवणं म्हणजे दुसऱ्याच्या जेवणाच्या ताटावरून आपलं चुलाण घेणं.

आपल्या कानाला जे सवयीचं आहे ते न्यावं. नुसता तानपुरा न्यावा. जवारी उघडलेल्या तारेतून एकाच वेळी किती सूर निघतात ते चांगल्या स्पीकरवर एकावर एक दिसू लागतात; वाईटावर नुसती झिणझिण येते. खंजिरीवरचं भजन न्यावं. विदर्भात तुकडोजी महाराजांमुळे ही खंजिरी सगळ्यांच्या ओळखीची. कातड्यावरचं बोट आणि चकत्यांची किणकिण वेगळी ऐकू आली पाहिजे. आणि माणसाचा आवाज, कारण त्यातली लबाडी लहान मुलालाही कळते.

त्याच्याही आधी एक काम करा. चांदपूरच्या हनुमानाच्या देवळात किंवा आपल्याच गावच्या देवळात भजनाला जाऊन बसा. पेटी, टाळ, मृदंग, चार गळे, मध्ये यंत्र काही नाही. टाळाचा आवाज हवेत किती बारीक संपत जातो, पेटीचा भाता श्वास घेतो तो कसा ऐकू येतो, मृदंगाच्या दोन तोंडांत किती फरक आहे, हे कानात भरून घ्या. लाखांचा स्पीकर याच्या जवळ जाण्याची धडपड करतो, आणि मुंबईतल्या शौकिनाला हा मूळ आवाज ऐकायला तिकीट काढावं लागतं. घाई करा मात्र. भजनी मंडळांनीही आता माइक घ्यायला सुरुवात केली आहे, त्यावर इको टाकलेला असतो, आणि टाळकरी माइकच्या सर्वांत जवळ बसतो.

मोकळं होणं

नवा स्पीकर दोनशे तास वाजवल्याशिवाय मोकळा होत नाही, असं सांगण्यात येतं. काही अंशी खरं आहे. रबर आणि कापड थोडं सैलावतं. दोनशे तासांत तुमच्या कानालाही त्या आवाजाची सवय होते आणि परत करण्याची मुदत संपते.

कधी ऐकावं

पावसाळ्यात स्लॅबवर पाऊस वाजतो आणि वीज कडाडते. ढग गरजले की सगळे प्लग काढून ठेवावेत. स्टॅबिलायझर आभाळातल्या विजेपुढे काही करू शकत नाही. धान निसवला की संध्याकाळी तुडतुडे दिव्यावर येतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडावरची निळी एलईडी त्यांना आवडते, तिच्यावर काळी टेप लावावी. दिवाळीनंतर मंडई. आज या गावची, उद्या त्या गावची, दिवसा दंडार, रात्री नाटक, आणि भोंगे चारही दिशांना. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलेले आहेत, हे वाचून मनाला बरं वाटतं. त्या दिवसांत सिस्टिम झाकून ठेवावी आणि नाटक पाहायला जावं. झाडीपट्टीचं नाटक घरात आणता येत नाही. मग लग्नसराई, मग कूलर.

मंडई झालेली, कट्टे अजून घरात, मोटारी बंद, थंडी पडलेली, डीपीवरचा डीओ फ्यूज शाबूत. अशा रात्री वर्षाला थोड्याच येतात. त्यांच्यासाठी हे सगळं.

त्यातल्या एखाद्या रात्री पाहुणे असतील. शेजारचे काका म्हणतील, ‘‘बेस थोडा वाढवा ना जी.’’ अ‍ॅम्प्लिफायरवर बेसचं बटन नसतं. चार लाखांच्या यंत्रावर ते ठेवणं कमीपणाचं समजतात. भाचा मागून-पुढून पाहील आणि विचारेल, ‘‘मामाजी, याच्यात ब्लूटूथ नाही?’’ नाही, असं शांतपणे सांगावं. तो खिशातून डबीएवढा स्पीकर काढून दाखवेल, त्यात आहे. एवढ्यात लाईन जाईल. गुणगुण नको म्हणून इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प्लिफायर चालवायचा नाही असं तुम्हीच ठरवलेलं असल्यामुळे खोलीत शांतता होईल, आणि भाच्याची डबी बाहेर सपरीत वाजू लागेल. मंडळी उठून तिकडे जातील. तुम्हीही जावं. जाण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरचं बटन बंद करावं, कारण लाईन परत येते तेव्हा पहिला झटका अडीचशेच्या वरचा असतो.